बस म्हणणारा आवाज

बाबूजी, तुमचा आवाज मध्यंतरी आपल्या घरात परत आला होता. तो आणायला मीच गेलो होतो, नागपूरला, एका थंडगार खोलीत, आरामखुर्चीवर डोळे मिटून. हसू नका. तुम्ही गेलात तेव्हा मला मिसरूड फुटत होती, आता माझ्या मिशीत काळा केस शोधावा लागतो. पांढुर्ण्याचं ते भाड्याचं घर सुटलं, मी सौंसरला आलो. बोअरच्या मोटरी वाइंडिंग करायचं दुकान टाकलं. बायको मोहगावची आहे, एक पोरगी आहे, पाचवीत शिकते. माय माझ्याजवळच असते. गुडघे गेले तिचे, पण जीभ शाबूत आहे. तुम्ही मला मराठी शाळेत घातलं म्हणून हे एवढं तरी लिहू शकतो, नाहीतर आता इकडे मध्यप्रदेशात निमंत्रणपत्रिकासुद्धा हिंदीत छापून राहिले. तर सांगायचं असं की मी दारू कमी करायला गेलो होतो. नाही केली असती तर बायको पोरीला घेऊन माहेरी जाणार होती, आणि माझी बायको उगाच धमक्या देणाऱ्यातली नाही.

आधी आपल्या मागच्या आंगणाचं बोलतो. तुम्ही कापसाच्या जिनिंगमधून यायचे तेव्हा भुवया पांढऱ्या, कानात रुई, मिशीत रुई. माय दारातच तुम्हाला फडक्यानं झटकायची आणि तुम्ही देवासारखे उभे राहायचे, गप्प. दिवसभर त्या मशिनींच्या धडधडीत राहून तुमचं बोलणंच आटलं होतं. घरात कोणाला हाक मारणं नाही, विचारपूस नाही. हातपाय धुऊन तुम्ही न्हाणीच्या भिंतीला टेकून बसता. समोर पव्वा, काचेचा गिलास, कागदात फुटाणे. पाण्याचा लोटा मी आणायचा, ते माझं काम. मी उभा राहतो, लोटा दोन्ही हातांनी धरतो, गिलासात पाणी टाकायला लागतो. तुम्ही घसा खाकरता, रुई अडकल्यासारखा एक बारीक आवाज, आणि म्हणता, "बस." मी लोटा ठेवतो आणि तुमच्या डाव्या हाताला बसतो. सबंध दिवसातला तुमचा माझ्याशी बोललेला पहिला शब्द तोच असायचा. मग अर्धा गिलास खाली झाला की तुम्ही बोलायला लागायचे. कोणाच्या गाडीत ओला कापूस आला, कोणाचा गमछा पट्ट्यात गुंतला आणि तो माणूस कसा थोडक्यात वाचला. मी फुटाणे खात ऐकायचो. शाळेत, गल्लीत, सगळीकडे मी एक साधा पोट्टा होतो, पण त्या भिंतीपाशी मला बोलावून बसवलं जात होतं.

एकदाच ओरडले तुम्ही. तिगावकडून गाडी येत होती, शिट्टी वाजली, मी मान वळवून पाहत राहिलो आणि गिलास भरून वाहायला लागला. "बस म्हटलं का बस! कान फुटले का बे?" असे कडाडले की मी मटकन बसलो. माकडहाड असं आपटलं की दोन दिवस शाळेत बाकावर तिरका बसत होतो. मला वाटलं, लवकर बसलो नाही म्हणून चिडले. पुढे मी पाणी टाकताना कान तुमच्या घशाकडेच ठेवायचो. खाकरलं की माझे गुडघे आपोआप वाकायचे, शब्द निघायच्या आत.

मग लिव्हरनं गेले तुम्ही. पोट फुगलं, डोळे पिवळे झाले, आणि शेवटी शेवटी मायनं पाण्याचा पेला पुढे केला तरी तुम्ही मान फिरवायचे. त्यावर जास्त लिहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. दारूचा वास आला की लोकांना किळस येते म्हणतात, ज्यांचे बाप असे गेले त्यांना तर जास्तच. मला नाही आली. मला तो वास आला की कोणीतरी आपल्याशी बोलणार आहे असं वाटायचं. खरं सांगतो, बाबूजी, अजूनही वाटते.

माझं पिणं म्हणजे नालीत पडणं नाही, शिव्या देणं नाही. दुकान बंद करायचं, घरी यायचं, गच्चीच्या जिन्याखाली खुर्ची टाकायची आणि दोन गिलास, कधी तीन. रोज. सणवार नाही, एकादशी नाही. पोरगी यायची लोटा घेऊन. मी तिला कधी सांगितलं नव्हतं, तीच यायला लागली. पाणी टाकायची, बसायची, शाळेतल्या गोष्टी सांगायची, शेंगदाणे खायची. मला वाटायचं, वा, काय भाग्य आहे. बायको स्वयंपाकघरातून पाहत होती. एक दिवस पोरगी झोपायला गेली आणि ही येऊन समोर उभी राहिली. "तुमी प्या, मरा, मले काही म्हणाचं नाही. लगन झालं तवापासून म्हणून म्हणून माहं तोंड दुखलं. पण पोट्टी पाणी टाकून राहिली, नजरेनं मोजून. मास्तरनं शिकवावं तशी मोजून राहिली. ते मले पाहवत नाही. शाळेले सुट्ट्या लागेपर्यंत हे थांबवा, नाहीतर मी तिले घेऊन मोहगावले चालली. अन् सुट्ट्या संपल्यावर येईन असं समजू नका." गिलासात पाणी कुठवर टाकायचं ती खूण पोरीच्या नजरेला बसली होती, आणि मला ती खूण चांगली ठाऊक होती.

आता मनानं सोडायचे सगळे प्रकार मी करून पाहिले. माळ घातली, तुटली. शपथ घेतली, ती तर संध्याकाळपर्यंतही टिकली नाही. डॉक्टरनं लिव्हर तपासलं, म्हणाला अजून वेळ आहे, एकदम तोडू नका, हळूहळू उतरवा. एक गिऱ्हाईक मोटर घ्यायला आला होता, त्यानं सांगितलं नागपूरच्या मॅडमचं. संमोहनानं सवयी कमी करतात म्हणे, त्याच्या साळ्याची तंबाखू सुटली. दुकानात बसलेल्या टोळक्यानं लगेच टर उडवली. "अरे बापा, वशीकरण कराले चालला! भाभीले सांग, परत येशील तं कोनाच्या वशीत येशील काय माईत!" मी पण हसलो. मनात मात्र म्हटलं, येऊन जाऊन काय जाणार आहे?

मॅडम जबलपूरकडच्या, बोलणं सगळं हिंदीत, आवाज असा मऊ की खुर्चीत पडल्या पडल्याच अर्धी झोप लागली. सरळ बाई होती, उगाच भूलथापा दिल्या नाहीत. म्हणाली, यात जादू नाही, तुम्ही झोपणार नाही, तुमच्या मर्जीविरुद्ध मी काही करवून घेऊ शकत नाही, फक्त तुमच्याच आतल्या एका आवाजाला जरा जागं करू. मग मला श्वास मोजायला लावले, जिना उतरायला लावला मनातल्या मनात. मी उतरत गेलो तर खाली आपलं मागचं आंगण. तिनं विचारलं, कोणाचा आवाज असा आहे की ज्याचं तुम्ही कधीच टाळलं नाही? मी नाव घेतलं नाही, पण मनात तुम्हाला धरलं. "ठीक है," ती म्हणाली, "जब भी पहले गिलास के बाद हाथ बढ़ेगा, वही आवाज़ कहेगी, बस." तिनं तो शब्द पुन्हा पुन्हा म्हटला आणि माझ्या मानेवरचे केस उभे राहिले, कारण शेवटी शेवटी तो मला तिच्या आवाजात ऐकूच येत नव्हता.

घोळ तिथेच झाला, बाबूजी. तिच्या हिंदीत बसायची बस नाही. आपल्याकडे बस तीन प्रकारची: एक बूड टेकवायची, एक पुरे म्हणायची, आणि एक जी सावनेरवरून नागपूरला जाते आणि वेळेवर कधी येत नाही. दिवसभर आपण तिन्ही वापरतो, कोणाचा गोंधळ होत नाही. पण तिनं तुमच्या तोंडी तो शब्द दिला, आणि तुमच्या तोंडचा बस माझ्यासाठी एकच होता.

पहिल्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात ओट्याशी उभा होतो. एक गिलास झाला होता, दुसऱ्यासाठी बाटलीला हात लावला. उजव्या कानाच्या खाली, अगदी जवळून, कोणीतरी घसा खाकरला. रुई अडकल्यासारखा. मी वळायच्या आत शब्द आला, "बस." आणि मी बसलो. तिथेच, फरशीवर, ओट्याला पाठ लावून. माझ्या मनात काही आलं नाही, पायांनीच ते केलं. भीती वाटायला पाहिजे होती ना? अंगावर काटा आला, हे खरं. पण त्याच्या मागून असं काही भरून आलं की डोळे झरायला लागले. किती वर्षांनी कोणी मला बस म्हटलं होतं. मग मी बाटली खाली घेतली आणि तिथे बसूनच दुसरा भरला, तिसरा भरला, आणि चौथा कधी भरला ते आठवत नाही. आता सोबत होती ना. बायको बाहेरून आली, मला फरशीवर पाहून म्हणाली, "हे कोनतं नवीन आसन शिकवलं तुमच्या मॅडमनं?"

पुढचे दिवस विचित्र गेले. आवाज फक्त गिलासापाशीच येईल असं मॅडम म्हणाली होती, पण तुम्ही कोणाचं ऐकलं आहे कधी? दुकानात मोटर उघडी पडलेली, समोर गिऱ्हाईक उभा, आणि कानाशी बस. मी धूळभरल्या जमिनीवर मांडी घालून बसलो. तो बिचारा पण माझ्यासमोर बसला, त्याला वाटलं आता भाव सांगतो. एकदा लग्नाच्या पंगतीत वाढत होतो, हातात बुंदीची परात, आणि मी दोन पाटांच्या मधोमध बसलो. लोक हसले. मला हसू येईना, कारण बसल्यावर उजवीकडची जागा गार लागत होती आणि डावीकडची नाही. घरी पोरीनं विचारलं, "बाबा, तुमी कोनासंग बोलून राहिले होते?" मी म्हटलं, कोणासोबत नाही. ती म्हणाली, "मंग तुमी 'हो बाबूजी' काऊन म्हनलं?" बायकोनं एकदा माझ्या भुवईवरून पांढरा धागा काढला, चिमटीत धरून उजेडात पाहत राहिली. वाइंडिंगला सुती पट्टी लागते, तिचा भुसका असेल, असं मी म्हणालो. तिनं तो पदराला पुसला. दारू कमी व्हायचं राहिलं बाजूला, बाटली आता दोन दिवसही पुरेना.

मी परत गेलो. मॅडमनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मी त्या शब्दाचं समजावून सांगितलं तेव्हा तिनं कपाळावर हात मारला. "अरे भैया, मराठी में बस मतलब बैठ? ग़लती मेरी है, मुझे आपसे शब्द पूछना था." म्हणाली, हे भूतबित काही नाही, तुमच्या आतलीच आठवण आहे, चुकीच्या दाराशी उभी आहे. आपण शब्द बदलून टाकू, तुमच्या भाषेतला, ज्याला दुसरा अर्थ नाही असा. त्या आधी ती जागा एकदा नीट पाहू या. पुन्हा जिना, पुन्हा आंगण. या वेळी तिनं माझ्या फोनवर रेकॉर्डिंग लावलं होतं, घरी ऐकायला. उठल्यावर म्हणाली, पुढच्या वेळी नवीन शब्द ठरवून या. मी हो म्हटलं आणि पुढच्या वेळी गेलोच नाही. एक कारण दुकानाचं सांगितलं, एक उन्हाचं. बाबूजी, तुम्हाला काय सांगू, मला शब्द बदलायचा नव्हता. तो बदलला की तुम्ही जाणार, हे मला कळत होतं. आणि इकडे सुट्ट्या जवळ येऊन राहिल्या होत्या.

रेकॉर्डिंग मी एका दुपारी लावलं, सगळे घरात असताना, मुद्दाम. बायकोला पटावं की इलाज चालू आहे. माय जमिनीवर पाय पसरून मेथी निवडत होती. फोनमधून आधी मॅडमचा आवाज, श्वास, जिना. मग तिनं विचारलं, "वहाँ कितने लोग हैं?" माझा आवाज म्हणाला, "दोघं." "दूसरे क्या कह रहे हैं?" नुसती पंख्याची घरघर. मग घसा खाकरल्याचा आवाज, आणि फोनमधून तुम्ही बोलले, "पाणी आण." मी तोंडानं म्हटलेलं असणार, दुसरं कोण होतं तिथे? पण मला ते म्हटल्याचं आठवत नव्हतं, आणि माझा आवाज तसा नाही. माझं लक्ष फोनवर होतं. बायकोनं माझा दंड घट्ट धरला तेव्हा मी वर पाहिलं. माय उठून उभी होती. जी माय भिंत धरल्याशिवाय, दोघांनी उचलल्याशिवाय उठत नाही, ती एकटी उठून उभी होती. तिनं डोक्यावरून पदर घेतला होता, पार कपाळापर्यंत. तुम्ही गेल्यापासून तिला तसा पदर घेताना कोणी पाहिलं नाही. आणि बारीक, तरण्या बाईच्या आवाजात ती म्हणाली, "आनली जी." मग माठाकडे चालायला लागली.

मी फोन बंद केला. मायनं भरलेला लोटा आणून ठेवला, मग आजूबाजूला पाहिलं आणि तिचे पाय कापायला लागले. आम्ही तिला बसवलं. "त्यायचाच आवाज होय," ती म्हणाली. "तो मले समजत नाही का? याले बाधा उतरवाले जामसांवलीले न्या. आजच न्या." बायको पांढरीफटक पडली होती, पण तिची जीभ सुटली. "जामसांवलीले मंग नेईन, माय. मारुतीराया काही पळून नाही जाऊन राहिला. पहिले हे बाटली घरातून जाऊ दे." त्याच दुपारी तिनं पोरीचे कपडे पिशवीत भरले. सुट्ट्यांची वाट पाहायची नाही, शनिवारी शाळा सुटली की मोहगाव. तिनं हे रडून सांगितलं असतं तर मी समजूत घातली असती. ती भाकरीचं पीठ मळता मळता सांगत होती, मान खाली घालून. पोरगी दारात उभी राहून ऐकत होती, आणि तिनं माझ्याकडे असं पाहिलं की जसं मी काहीतरी करीन.

मी काय केलं? दिवेलागणीला जिन्याखाली खुर्ची टाकली. पहिला गिलास झाला. लाज वाटत होती, पण लाजेनं हात थांबत नाही. दुसरा भरला तेवढ्यात पोरगी आली, लोटा घेऊन. आईनं बजावून ठेवलं होतं, जायचं नाही म्हणून, तरी आली. बहुतेक तिला वाटलं, आता थोडेच दिवस आहेत. तिनं दोन्ही हातांनी लोटा धरला आणि पाणी टाकायला लागली. मला दारू पातळ झालेली चालत नाही. मी गिलासावर हात आडवा धरला. घसा खाकरला गेला, आणि माझ्याच तोंडातून, माझ्या नाही अशा आवाजात, निघालं, "बस."

ते मी पाण्याला म्हटलं होतं. पोरीनं लोटा खाली ठेवला, फ्रॉक गुडघ्याखाली सारखा केला आणि माझ्या डाव्या हाताला बसली. मान वर करून माझ्याकडे पाहिलं. बाबूजी, इतका आनंदी चेहरा मी तिचा वाढदिवसालासुद्धा पाहिला नाही. त्या चेहऱ्याला मी बाहेरून पहिल्यांदा पाहत होतो, आतून मात्र तो माझ्या चांगल्या ओळखीचा होता. मला बोलावलं, मला बसवलं, मी कोणीतरी आहे. गिलासावरचा हात तसाच राहिला. पाण्याला म्हणत होते तुम्ही! सगळी वर्षं, रोज संध्याकाळी, पाण्याला! बस, पुरे, आणखी नको, एवढंच. आणि मी बावळट, लोटा ठेवून रोज शेजारी बसत होतो, बोलावणं आल्यासारखा. तुम्ही बोलावलंच नव्हतं.

"उठ. आत जा." पोरगी दचकली. "तुमीच तं बस म्हनलं," ती म्हणाली. "पाण्याले म्हटलं. उठ." तिचा चेहरा पडला आणि ती उठली. लोटासुद्धा न घेता आत गेली. बायको दारात उभी होती, तिच्या हाताला पीठ लागलेलं होतं. तिनं सगळं पाहिलं होतं. मी गिलास न्हाणीत ओतला, आणि ओतताना मला हुंदका आवरेना. दारूसाठी नाही रडलो. पोरीच्या पडलेल्या चेहऱ्यासाठी रडलो, आणि थोडं माझ्यासाठी.

तेव्हापासून विचार करून राहिलो. तुम्हाला कळलं तर असेल ना, हा पोट्टा चुकून बसतो म्हणून? पहिल्याच दिवशी कळलं असेल. दमून आलेला माणूस, त्याला एकटं बसून प्यायचं आहे, आणि शेजारी हे ध्यान येऊन बसलं. एका शब्दाचं काम होतं. तुम्ही तो म्हटला नाही. उलट एका हिवाळ्यात जिनिंगमधून बारदानाचा एक तुकडा आणला, धुतलेला, चौपदरी घडी घातलेला, आणि न बोलता त्या जागी टाकून दिला. मी त्यावर बसायचो, खाली गार लागत नव्हतं. बोलावलं नव्हतं तरी उठवलं पण नाही. ते प्रेम होतं की तुमच्याच्यानं उठवणं होत नव्हतं, हे मला कळत नाही, आणि कळून आता काय करणार? पण त्याच जागेवर बसून मी प्यायला शिकलो, हेही खरं आहे. मला राग येतो तुमचा. माया पण येते, आणि दोन्ही एकाच वेळी येतात, त्याला इलाज नाही.

मॅडमकडे गेलो मग. शब्द बदलला. "पुरे" ठेवला, आणि आवाज कोणाचा पाहिजे विचारलं तेव्हा मी म्हटलं, कोणाचाच नको, माझाच राहू द्या. घोगरा आहे, पण चालून जातो. आता आठवड्यातून एखादे दिवशी एक गिलास घेतो, तोही दुकानातल्या मित्रांसोबत, बाहेर. घरात बाटली नाही. कधी एखादी संध्याकाळ अवघड जाते, तेव्हा उगाच एखादी जळकी मोटर घरी आणून उकलत बसतो. तुम्ही पुन्हा बोलले नाहीत. माय कधी कधी डोक्यावर पदर घेऊन माठाजवळ उभी दिसते. विचारलं तर म्हणते, "मले तहान लागली होती." पोरीनं चार दिवस अबोला धरला, मग सायकल शिकवायला लावली. मोहगावला कोणी गेलं नाही. पिशवीतले कपडे परत कपाटात गेले.

बायको हे आता माहेरी सगळ्यांना कौतुकानं सांगते. "माह्या नवऱ्यानं सोताच्या हिमतीनं केलं," म्हणते, "पोट्टीले असं ठणकावून उठवलं का मी पाहातच राहिली, कधी इतक्या जोरात बोलत नाहीत ते." मॅडमनंही पाठ थोपटली. म्हणाली, तो क्षण तुमच्या स्वतःच्या ताकदीचा होता. मी हो हो करतो, मान डोलावतो. हे पत्र टाकायला पेटी नाही आणि जाळायचं मन नाही, दुकानात जुन्या वायरींच्या खोक्यात पडून राहील. म्हणून तुम्हालाच सांगतो, दुसऱ्या कोणाला सांगण्यासारखं नाही. ती बसली तेव्हा मला इतकं बरं वाटलं होतं, बाबूजी, की मी तिच्या डोक्यावर ठेवायला दुसरा हातसुद्धा उचलला होता. मी तिला बसू देणार होतो. "उठ" तुम्ही म्हणाले.